अब्बांची गोष्ट, नावासकट

थंडी पडली की आमच्या कारखान्यात कामाला हात पुरत नाहीत, आणि माझी भीती जागी होते. दोन्ही एकदमच सुरू होतं. दिवाळी मागे पडते, सकाळी खिडकीचा गज हाताला गार लागतो, दूधवाला कानाला मफलर गुंडाळून येऊ लागतो. धुळ्याचा पारा कुठवर उतरला याच्या बातम्या मोबाईलवर फिरतात आणि आमचा फोन वाजायला लागतो. "ताई, डबल रजई आहे का? नव्या रुईची?" मी आहे म्हणते, पत्ता उतरवून घेते, आणि पलीकडचा माणूस आता पुढे काय विचारील म्हणून श्वास धरून थांबते. बहुतेक जण काहीच विचारत नाहीत. तरी मी थांबते. ही सवय एका हिवाळ्यात लागली आणि आता थंडीबरोबर दरवर्षी परत येते.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजून गाद्या, उशा, रजया भरायच्या, हे आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. जळगावात, एरंडोलकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत शिरलेल्या गल्लीत आमची पत्र्याची शेड आहे, शेजारी रुई ठेवायची खोली, आणि त्या खोलीच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. हिवाळ्यात दहाच्या सुमाराला शेडच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप आत येते तेव्हा हवेत किती कापूस आहे ते दिसतं. एरवी दिसत नाही, फक्त घशाला कळतं. बारीक तंतू तरंगत असतात, कुठे उतरायचं ते न ठरलेले. ते पापण्यांवर बसतात, चहाच्या कपात पडतात, अम्मीच्या ओढणीवर सायीसारखे जमतात. नव्या रुईला सरकीच्या तेलाचा कोमट वास असतो. मला लहानपणी वाटायचं की हिवाळ्यालाच असा वास येतो.

आणि या सगळ्याच्या तळाशी आगीची भीती. रुईला लागलेली आग लगेच दिसत नाही. एखादी ठिणगी ढिगात शिरते, आतल्या आत धुमसत बसते, आणि वरून ढीग पांढराशुभ्र, शांत दिसत राहतो. म्हणून आमच्याकडे काडेपेटी स्वयंपाकघराच्या बाहेर येत नाही. शेडमध्ये कोणी पाहुणा नुसता खिसा चाचपू लागला तरी अब्बा त्याला हाताला धरून रस्त्यावर नेतात आणि मग म्हणतात, "आता ओढा बिडी." तेव्हा भीती आमच्या घरात नवी नव्हती. पण ती ओळखीची भीती होती. तिच्यासाठी काय करायचं ते आम्हाला माहीत होतं.

त्या हिवाळ्यात जी आली तिच्यासाठी काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

आमच्या रजया मी इंटरनेटवर विकायला सुरुवात केली होती. 'उबारा' असं नाव ठेवलं. मऊ, गोल, कोणालाही आवडेल असं. बॉक्सवर गुलाबी फुलं, खाली 'उबारा, जळगाव' आणि फोन नंबर. सुरुवात बरी झाली. मग मोठ्या कारखान्यांत बनलेल्या, प्लॅस्टिकच्या तंतूंच्या रजया स्वस्तात मिळू लागल्या आणि आमचे फोन कमी झाले. तेव्हा मी मुग्धाला बोलावलं. मुग्धा जळगावचीच, जाहिरातींचं काम करणारी, भराभरा बोलणारी आणि मनानं चांगली मुलगी. तिनं शेडभर फिरून पाहिलं, अब्बांशी गप्पा मारल्या, आणि अब्बा गप्पांना भुकेलेलेच असतात. ते तिला सांगत बसले, लहानपणी आपल्या वडिलांबरोबर खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन गिरणेच्या काठानं गावोगाव कसे फिरायचे, गावाच्या वेशीशी पोचलं की वडील धनुकलीची तात कशी छेडायचे आणि तो टँव टँव आवाज ऐकून बाया जुन्या गाद्या बाहेर कशा काढायच्या. मुग्धा ऐकता ऐकता खाली पोत्यावरच बसली.

"रेश्माताई," ती मला नंतर म्हणाली, "लोक रजई घेत नाहीत. तिच्यामागचा माणूस घेतात. तुमच्याकडे काकांसारखा माणूस आहे, आणि बॉक्सवर काय छापलंय? फुलं. काकांची गोष्ट सांगू या. छोटीशी फिल्म करू. तीच तुमची जाहिरात."

मला ते पटलं. फार आवडलंही. मग निघताना ती फाटकापाशी घुटमळली आणि आपल्या चपलेकडे बघत म्हणाली, "एक विचारू? राग मानू नका. फिल्ममध्ये आपण काकांना नुसतं 'भाऊ' म्हणू या का? सगळे त्यांना भाऊच म्हणतात ना. पूर्ण नाव कशाला. तुमचं ठीक आहे, रेश्मा काय, चालून जातं."

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती आमचीच काळजी करत होती, आणि म्हणूनच मी जास्त घाबरले. वाईट माणसानं काही म्हटलं तर त्याचा राग येतो, रागात भीती झाकली जाते. भलं माणूस जेव्हा आवाज खाली आणून सांभाळायला सांगतं तेव्हा झाकायला काही उरत नाही. धोका आहे, त्याचा अंदाज दुसऱ्यांनाही आहे, इतकंच समजतं.

रात्रीच्या जेवणाला मी हे घरात सांगितलं. आम्ही घरी बोलतो ते ना धड हिंदी, ना धड मराठी. इथे मी ते मराठीत लिहिते आहे. अम्मीला तर फिल्मच नको होती.

"बॉक्सवर नाव नाही म्हणून आपण नीट झोपतो," ती म्हणाली. "अहो, रजई आहे ती. बादली नाही की खुर्ची नाही. लोक अंगावर घेतात, लेकरांना गुंडाळतात. एकदा का मनात आलं, की अंगावरून काढून टाकतील."

अब्बांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "भाऊ तर भाऊ. त्यात खोटं काही नाही."

मला हायसं वाटलं.

फिल्मचं पहिलं काम शेडमध्येच होतं. मुग्धानं तिरिपेची वेळ साधली होती. कॅमेरा लावला, अब्बांना जुनी धनुकली घेऊन बसवलं. अब्बा डोक्यावर नेहमी पांढरी, विणलेली टोपी घालतात. अम्मीच विणते. "सुरू करायचं, काका?" असं मुग्धानं विचारलं, आणि अब्बांनी ती टोपी काढली, घडी घातली आणि खिशात ठेवली. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. मुग्धानं ते पाहिलं आणि ती कॅमेऱ्याच्या मागे काहीतरी शोधू लागली. टोपीखालचे केस दबलेले होते, कपाळाच्या वर तिची गोल खूण उमटली होती. इतक्या वर्षांत मी अब्बांना कामावर कधी उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. ते अचानक लहान दिसले, रांगेत उभ्या राहिलेल्या कोणासारखे. आणि मला पुन्हा हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच मग दिवसभर भीती वाटत राहिली. भीती माणसाकडून काय काय करून घेते, आणि वर ते बरं वाटायला लावते.

पुढचं काम भडगावच्या पलीकडे, गिरणेकाठच्या एका खेड्यात. तिथल्या सुमनअक्कांच्या ओट्यावर अब्बा आणि त्यांचे वडील हिवाळ्यात मुक्काम करायचे, म्हणून मुग्धाला अक्कांचे दोन शब्द हवे होते. आम्ही गाडी करून गेलो. दोन्ही बाजूंना वेचून रिकामी झालेली कापसाची रानं, पऱ्हाटीची झाडं काळीकरडी पडलेली, कुठे कुठे बोंडात राहिलेला चुकार कापूस. कुणाच्या तरी शेतात भरिताची वांगी भाजत होती. पऱ्हाटीच्या जाळावर करपणाऱ्या सालीचा तो वास एरवी आला की तोंडाला पाणी सुटतं. त्या दिवशी मला फक्त धूर आठवत राहिला.

अक्का आता खूप म्हाताऱ्या झाल्या आहेत. उन्हात पाठ करून ओट्यावर बसल्या होत्या. अब्बा पुढे होऊन वाकले तर त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि पहिलं हेच विचारलं, "टोपी कथी गई रे तुनी?"

अब्बा ओशाळले. खिशातून टोपी काढून त्यांनी डोक्यावर घातली. खेड्यातल्या माणसांशी ते अहिराणीच बोलतात. म्हणाले, "आठेच शे अक्का."

मुग्धानं अक्कांना समजावलं. तुम्ही यांच्याविषयी बोला, फक्त नाव घेऊ नका, नुसतं भाऊ म्हणा. अक्कांनी मान डोलावली. कॅमेरा सुरू झाला. आणि अक्का अब्बांच्या गुडघ्यावर हात ठेवून सरळ बोलू लागल्या.

"हाऊ हसन शे. आमना पिंजारीना पोऱ्या. याना बाप येशीवर तात वाजाडे ना, ते बठ्ठा गावले समजी जाये. मना लगीनमानी गादी यासनीच भरेल शे."

मुग्धानं हात वर करून थांबवलं आणि हळूच म्हणाली, "अक्का, ते नाव..."

अक्कांना कळेना. त्यांनी अब्बांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नाव काबर नही लेवानं? मायबापनी ठेयेल शे ते."

अब्बा खाली बघत होते. आत चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज येत होता. नंतर आम्ही तिथेच भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली, अक्कांनी जुन्या आठवणी काढल्या, अब्बा मोकळं हसले. मी मात्र सारखी मुग्धाच्या बॅगेकडे बघत होते. त्या बॅगेत अब्बांचं नाव होतं.

आठवड्याभरानं मुग्धानं आम्हाला तिच्या ऑफिसात बोलावलं. फिल्म दोन प्रकारे जोडली होती. एकात अक्का बोलायला लागतात ते तात वाजवण्यापासून. दुसऱ्यात पहिल्यापासून, नावासकट. पहिली सफाईदार होती. दुसरी बघताना मात्र माझ्या अंगावर काटा आला, कारण नाव उच्चारताना अक्कांचा चेहरा जसा उजळतो तसा नंतर कुठेच उजळत नाही. मुग्धाही म्हणाली, "खरं सांगायचं तर फिल्म त्या एका वाक्यात आहे. पण निर्णय तुमचा."

अम्मी म्हणाली, "कापा."

मीही तेच म्हणाले.

अब्बा पडद्याकडे बघत होते. अक्कांचा हात त्यांच्या गुडघ्यावर असताना चित्र थांबवलेलं होतं. "माझ्या तोंडचं असतं तर कापलं असतं," ते म्हणाले. "तिच्या तोंडातून माझं नाव कसं कापू? उद्या तिनं पाहिलं तर काय सांगू तिला?"

"ती कशाला बघतेय मोबाईल," अम्मी म्हणाली.

"नातवंडं दाखवतील."

जिना उतरताना अम्मीनं माझा दंड धरला होता. तिचा हात थंडगार होता.

फिल्म नावासकट गेली. पहिले काही दिवस असे आनंदात गेले की मला माझ्या भीतीची लाज वाटली. कुठून कुठून लोकांचे निरोप आले. आमच्याकडेही असे पिंजारीभाऊ यायचे, तो आवाज आम्हालाही आठवतो, आज आईची आठवण आली. रजयांची मागणी वाढली. अब्बा प्रत्येक निरोप मला दोनदा वाचायला लावायचे.

मग एका दुपारी कोणीतरी ती फिल्म पुढे पाठवताना वर एक ओळ लिहिली. रजईसुद्धा कोणाकडून घेताय ते आता पाहून घ्या. एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. पण ती ओळ एका ग्रुपमधून दुसऱ्यात गेली, आणि तिच्याखाली आणखी ओळी साठत गेल्या. त्या मी इथे लिहिणार नाही. मी त्या वाचत बसायचे. वाचू नये हे कळत होतं, तरी दर थोड्या वेळानं उघडून बघायचे, जशी दुखऱ्या दातावर जीभ जाते तशी. अब्बांना मी सांगितलं नाही. त्यांनी विचारणं बंद केलं, म्हणजे त्यांना कळलं होतं.

ऑर्डरी रद्द होऊ लागल्या. कोणी कारण दिलं नाही. धुळ्याच्या एका वसतिगृहाची सगळ्यात मोठी ऑर्डर होती, मुलांसाठी रजया. ती रद्द झाल्याचा निरोप आला तेव्हा निम्मं काम भरून तयार होतं. शेडच्या भिंतीला लावलेली ती पांढरी थप्पी मला दिवसेंदिवस मोठी होत चालल्यासारखी वाटायची.

आणि मग ती मोटारसायकल आली. भर दुपारची वेळ, गल्लीत ऊन. दोन तरुण माणसं. फाटकासमोर थांबली, गाडी चालूच ठेवली. मागच्यानं मोबाईल काढून आमच्या शेडचा फोटो घेतला, मग फाटकाचा, मग रुईच्या खोलीच्या खिडकीचा. मी दारात उभी होते. अब्बा बाहेर गेले, डोक्यावर टोपी, भुवयांवर कापूस. म्हणाले, "काय पाहिजे, भाऊ?"

"काही नाही," पुढचा म्हणाला. हसला. आणि ते निघून गेले.

ते कोण होते, फोटो कशाला काढले, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. कदाचित घराच्या जागा विकणारे दलाल असतील. कदाचित फिल्म बघून कौतुकानं आलेले असतील. मी स्वतःला असं खूप काही सांगून पाहिलं. पण खिडकीचा फोटो? त्या खिडकीत बघण्यासारखं काय आहे? आत नुसती रुई आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला पाण्याच्या आवाजानं जाग आली. खाली येऊन बघते तर अम्मी नळाखाली गोणपाटं भिजवत होती. भिजवलेली जड गोणपाटं ओढत नेऊन तिनं रुईच्या खोलीच्या दारात आणि खिडकीखाली रचली. बादल्या भरून ओळीनं ठेवल्या. खानदेशातल्या हिवाळ्यातलं पहाटेचं पाणी हाताला चावतं. तिची बोटं लाल झाली होती.

"पिंजायच्या मशीनची ठिणगी उडते कधी कधी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

त्या दिवसापासून रोज पहाटे ती गोणपाटं भिजवायची. ऊन वर आलं की ती सुकायची, ती पुन्हा भिजवायची. तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, त्या हातांनी ती दिवसभर रजयांना टाके घालायची. अब्बा बादल्यांना वळसा घालून आत-बाहेर करायचे. घरात कोणी या विषयावर एक शब्द बोललं नाही. आम्ही तिघं एकमेकांना जपत होतो, आणि त्यामुळे प्रत्येक जण आपल्या भीतीबरोबर एकटा होता. तो हिवाळा मला आठवतो तो त्या ओल्या गोणपाटांच्या वासानं. कुजका, थंड, तळघरासारखा वास, नव्या रुईच्या कोमट वासाच्या मधोमध.

एका सकाळी अब्बा म्हणाले, "धुळ्याला जाऊन येऊ. चल माझ्याबरोबर."

"कशाला?"

"ऑर्डर का रद्द केली ते विचारायला."

अम्मीनं विरोध केला नाही. तिनं त्यांची टोपी धुऊन, वाळवून ठेवली होती, ती आणून दिली. एसटीत बसल्यावर मी खिडकीशी बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. प्रत्येक थांब्यावर माणसं चढत होती, उतरत होती, कोणी अब्बांच्या टोपीकडे बघत नव्हतं. मी मात्र चढणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होते. माझ्याच जिल्ह्यात, ज्या रस्त्यानं लहानपणापासून मावशीकडे गेले त्या रस्त्यावर मी माणसांचे चेहरे वाचत बसले होते.

वसतिगृहाचे व्यवस्थापक आम्हाला बघून गोंधळले. पन्नाशीचे, चष्म्याचे, साधे गृहस्थ. त्यांनी आम्हाला बसवलं, उठून दार लोटून घेतलं आणि मग पुन्हा येऊन बसले.

"हसनभाऊ, गेल्या वर्षीही तुमच्याच रजया घेतल्या होत्या," ते म्हणाले. "मुलं खूश होती. मालाबद्दल एक शब्द नाही माझा."

"मग?"

ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "मला काही जणांनी ती फिल्म दाखवली. म्हणाले, यांच्याकडून घेता काय? आता मी काय बोलणार? मला इथे नोकरी करायची आहे. घरी माझी पण माणसं आहेत."

अब्बांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुम्हालाही भीती वाटते, साहेब," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. कोणाची तब्येत विचारावी तसं म्हणाले.

व्यवस्थापकांचे कान लाल झाले. बाहेर कोणाची तरी पावलं वाजली तसे ते थबकले, पावलं पुढे गेली तेव्हा त्यांनी श्वास सोडला. तो श्वास मी ओळखला. मी रोज तसाच सोडत होते. त्यांनी चहा मागवला. आम्ही तिघांनी बंद दाराआड चहा प्यायला आणि ऑर्डरीबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही. निघताना ते अब्बांना म्हणाले, "या पुन्हा कधी," आणि दार उघडण्याआधी बाहेर कोणी आहे का ते पाहिलं.

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. आजही कधी कधी चिडते. पण त्या दिवशी मला वाटलं की ज्याची आम्हाला भीती वाटते त्याचीच त्यांनाही वाटते, आणि ते जे कोणी आहे ते या खोलीत नाही. त्याला चेहरा नाही. म्हणून तर ते कुठेही असू शकतं.

परतीच्या एसटीत ऊन उतरत होतं. खिडक्यांच्या फटींतून गार वारा येत होता. अब्बांनी शाल माझ्याही गुडघ्यांवर ओढली. मी विचारलं, "अब्बा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज वाटते," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत राहिले, कारण इतके दिवस मी धीर धरला होता तो त्यांना भीती वाटत नाही या समजुतीवर. "लहानपणी गावाबाहेर पोचलो की मी माझ्या अब्बांच्या मागे लपायचो. अनोळखी गाव, अंगावर येणारी कुत्री. मला वाटायचं गुपचूप शिरावं. ते मात्र वेशीवरच थांबून तात वाजवायचे. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, न सांगता आलेला माणूस चोर वाटतो, बेटा. आपण सांगून जायचं. मग गाव घेईल नाहीतर घालवून देईल."

"घालवून द्यायचे?"

"कधी कधी." त्यांनी शाल नीट केली. "मग पुढच्या गावाला जायचो."

मी त्यांचा हात शालीखाली धरला.

त्या हिवाळ्याचा शेवट कसा झाला म्हणाल तर कसाही झाला नाही. शेड जळली नाही. ती मोटारसायकल पुन्हा आली नाही. वसतिगृहाची ऑर्डर गेली ती गेलीच, पुढच्या वर्षी त्यांनी प्लॅस्टिकच्या रजया घेतल्या. त्यांच्यासाठी भरलेली थप्पी हळूहळू इकडे तिकडे खपली. काही लांबच्या गावच्या लोकांनी फोन करून मुद्दाम विचारलं, "हसनभाऊंकडच्या रजया त्या याच ना?" आणि मागवल्या. फिल्म आम्ही काढून टाकली नाही. तिच्याखालच्या ओळीही अजून तिथेच आहेत, त्यांच्यावर नव्या ओळी चढल्या म्हणून खाली गेल्या इतकंच. फाल्गुनात ऊन तापायला लागलं, रजयांचे दिवस संपले, आणि अम्मीनं एका सकाळी गोणपाटं गच्चीवर वाळत घातली. भीती मात्र वाळली नाही. थंडीची पहिली झुळूक आली की मला ती पायांत जाणवते.

या वर्षी मुग्धा परत आली. म्हणाली, नवी फिल्म करू या, लोक अजून काकांची आठवण काढतात. अब्बा धनुकली पुसत होते. म्हणाले, "माझं सांगून झालं, बेटा. तेच तेच किती सांगू."

मुग्धा हिरमुसली. तेवढ्यात कोपऱ्यातून, रजईच्या ढिगामागून आवाज आला.

"माझं घ्या."

अम्मी होती. हातात सुई, मांडीवर अर्धी शिवलेली रजई. आम्ही तिच्याकडे बघत राहिलो. जी अम्मी 'कापा' म्हणाली होती, जिनं हिवाळाभर पाणी भरलं होतं, ती. अब्बांनी धनुकली खाली ठेवली.

मुग्धानं घाईघाईनं कॅमेरा लावला. अम्मीनं ओढणी सारखी केली, सुई रजईत टोचून ठेवली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. "माझं नाव नसीम," ती म्हणाली. "नसीम हसन पिंजारी. मी रजईला टाके घालते. टाके नसले तर कापूस सरकतो, एका कोपऱ्यात जाऊन बसतो आणि माणसाला मधोमध थंडी वाजते. म्हणून मी जवळ जवळ घालते." ती बोलत होती आणि तिचा आवाज कापत होता. शेवटच्या शब्दांशी तर पार फाटला.

मुग्धा हळूच म्हणाली, "काकू, पाणी प्या. परत घेऊ या, सावकाश."

"नको," अम्मी म्हणाली. "परत घेतलं तरी असाच येईल. भीती वाटतेच आहे, ती कुठे लपवू? राहू द्या."

आज सकाळी मी ती फिल्म पाठवली. पाठवताना अंगठा बराच वेळ पडद्याच्या वर तसाच राहिला. अम्मी शेजारी बसून नव्या रजईची खोळ सरळ करत होती.

"गेली?" तिनं विचारलं.

"गेली."

"आता परत नाही ना आणता येत?"

"येते," मी म्हणाले. "वाटलं तर काढून टाकता येते. अजूनही."

तिनं खोळीवरची एक सुरकुती तळहातानं सपाट केली. गल्लीतून कोणीतरी गाडी घेऊन गेलं, तो आवाज दूर जाईपर्यंत तिचा हात तिथेच थांबला होता.

"नको," ती म्हणाली, आणि दोरा ओवायला सुई उजेडाकडे धरली.